आमच्या गाडीतलं 'नॅशनल इंजिन'

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे व्हरांड्यात मराठी बोलताना सापडलं की पाच रुपये दंड असायचा. त्यामुळे मराठी विभागासाठी टेक्निकल लेख दे असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी मला हसूच आलं. ऱ्हस्व-दीर्घ आईने फोनवर तपासून दिले आहेत. तरी ज्या चुका राहतील त्या माझ्या.

विषय मात्र शोधावा लागला नाही. गेल्या डिसेंबरात, एंड-सेमच्या आदल्या आठवड्यात, आमची गाडी पसरणी घाटात बंद पडली. त्यात थोडी चूक माझी होती. ती चूक काय होती हे मला नीट कळलं ते परीक्षा संपल्यावर, म्हणजे ज्या पेपरात त्याचा उपयोग झाला असता तो देऊन झाल्यावर.

आमची गाडी २०१३ची, डिझेल. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. आणि तसंही या इंजिनाच्या बाबतीत कंपनीचं नाव सांगून फारसा उलगडा होत नाही. फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट हे ते इंजिन. मारुतीने ते 'डीडीआयएस' या नावाने लावलं, टाटांनी 'क्वाड्राजेट' म्हणून, आणि खुद्द फियाटने पुंटो आणि लिनियामध्ये 'मल्टीजेट' म्हणूनच. शेव्हर्लेच्या सेलमध्ये तेच, आपल्या पिंपरी-चिंचवडच्या प्रीमियरच्या रिओमध्येही काही काळ तेच. बॉनेटवरचे लोगो वेगळे, आतली वस्तू एक. म्हणूनच गाड्यांच्या मासिकांनी त्याला 'नॅशनल इंजिन ऑफ इंडिया' असं नाव ठेवलं. जन्म इटालियन, पहिलं उत्पादन २००३ साली पोलंडमध्ये, आणि टोपणनाव भारताचं! फियाट आणि टाटांसाठी ते बनायचं रांजणगावला. अष्टविनायकाची गाडी करून गेला असाल तर महागणपतीच्या देवळाच्या अलीकडे-पलीकडे ती एमआयडीसी नक्की पाहिली असेल.

आता आकडे. चार सिलिंडर, १२४८ सीसी. बोअर ६९.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८२. (कॅल्क्युलेटर काढून करून बघा, बरोबर येतं.) साध्या टर्बोवालं रूप ७५ हॉर्सपॉवरचं, आणि ज्याच्या टर्बोतली पाती कोन बदलतात ते ९० हॉर्सपॉवरचं. २००५ साली याला त्याच्या गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा किताबही मिळाला होता.

७५ हॉर्सपॉवर म्हणजे किती, हे कळायला आपल्या आयसी इंजिन लॅबमध्ये चला. कोपऱ्यात ते एक सिलिंडरचं किर्लोस्कर आहे ना, ज्याच्यावर आपण सगळ्यांनी ट्रायलची रीडिंग्ज घेतली (आणि काहींनी मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'घेतली')? ते ६६१ सीसीचं, १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट देतं. आमच्या गाडीचं इंजिन सीसीने त्याच्या दुप्पटही नाही, आणि ४००० आरपीएमला ५५ किलोवॅट देतं. म्हणजे दहापट! ही दहापट कुठून आली? सीसीचा फरक धरला की १.९ पट. आरपीएमचा धरला की आणखी २.६७ पट. दोन्ही मिळून साधारण पाचपट झाली. उरलेली दुप्पट आली टर्बोमधून. सिलिंडरला नुसती हवा ओढून घ्यायला न लावता टर्बो ती कोंबून भरतो. हवा दुप्पट तर डिझेल दुप्पट जळू शकतं. हिशोब ढोबळ आहे, पण आमच्या सरांना दाखवला तेव्हा ते 'ठीक आहे' म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे डिस्टिंक्शनच.

मूळ तत्त्व सगळ्यांना माहीत आहे, तरी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दोन ओळी. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून जाळ लावतात. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच. आत घेतलेली हवा सतरा-अठरा पट दाबली की ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडल्याबरोबर ते आपोआप पेटतं. सायकलच्या पंपाचं टोक हवा भरताना गरम लागतं, तेच इथे, फक्त प्रकरण पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे जातं.

गोम अशी आहे की डिझेल आत गेल्यावर लगेच पेटत नाही. एक छोटा उशीर लागतो, त्याला इग्निशन डिले म्हणतात (ओरलला हमखास विचारतात). या उशिरात जेवढं डिझेल साठतं ते सगळं एकदम भडकतं. जुन्या जीपचा किंवा टेम्पोचा तो 'खड् खड् खड्' आवाज म्हणजे हाच एकदम भडका. आमची पिढी त्या आवाजालाच डिझेल समजत मोठी झाली. माझ्या चुकीचं मूळही तिथेच आहे, पण ते पुढे.

यावरचा उपाय म्हणजे कॉमन रेल. पूर्वी पंपच ठरवायचा कोणत्या सिलिंडरला कधी आणि किती डिझेल द्यायचं, आणि इंजिन हळू फिरत असेल तर दाबही कमी. कॉमन रेलमध्ये पंपाचं काम एकच: एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवायचं. चारही इंजेक्टर त्या एकाच नळीला जोडलेले. कोणता इंजेक्टर कधी उघडायचा आणि किती वेळ, हे ईसीयू ठरवतो. दाब आणि वेळ यांची फारकत झाली, हीच खरी क्रांती. फियाटच्या संशोधकांनी यावर बरंच मूळ काम केलं, पुढे बॉशने ते उत्पादनात आणलं, आणि १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेलवाली पहिली कार रस्त्यावर आली.

'प्रचंड दाब' म्हणजे किती? आमच्या इंजिनात १६०० बारपर्यंत. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो. समुद्रातल्या सर्वात खोल जागी, मारियाना गर्तेत, साधारण अकरा किलोमीटर पाण्याखाली अकराशे बारच्या आसपास दाब असतो. त्याच्या दीडपट दाब आपल्या पायांपुढे दोन हातांवर, एका नळीत, खंबाटकीचा घाट चढत असतो.

आणि एवढं सगळं करून सोडायचं किती? मी काढलं. ५५ किलोवॅटवर, पूर्ण जोर असताना, एका सिलिंडरमध्ये एका वेळी साधारण ३४ घन मिलिमीटर डिझेल जातं. ड्रॉपरचा एक थेंब ५० घन मिलिमीटरचा धरा. म्हणजे घाट चढतानाही एका स्फोटाला पुरा थेंब लागत नाही! ४००० आरपीएमला हे दर सेकंदाला प्रत्येक सिलिंडरमध्ये ३३ वेळा होतं. आणि तो अपुरा थेंबसुद्धा एकदम सोडत नाहीत. मल्टीजेट म्हणजे एका चक्रात अनेक फवारे, पाचपर्यंत. आधी एक-दोन घन मिलिमीटरचा चिमुकला फवारा, तो पेटून आतलं वातावरण तापवतो. मग मुख्य फवारा आला की त्याला उशीर लागत नाही, भडका उडत नाही, खडखड होत नाही. फोडणीत आधी चार मोहरीचे दाणे टाकून तेल तापलंय का बघतात, तसंच काहीसं.

म्हणजे मल्टीजेट मुळातच बऱ्यापैकी शांत इंजिन आहे. ते खडखडायला लागलं तर 'डिझेल आहे, आवाज करणारच' हे उत्तर चुकीचं आहे.

नेमकं हेच उत्तर मी बाबांना दिलं होतं.

दिवाळीत घरी, वाईला, गेले होते. बाबा बियाण्यांच्या व्यवसायात आहेत, दुकानं फिरतात. त्यामुळे गाडीचं मीटर तेव्हा एक लाख ब्याऐंशी हजार दाखवत होतं. सकाळी गाडी सुरू केली की पहिले तीन-चार सेकंद आतून साखळी ओढल्यासारखा कर्र-कर्र आवाज यायचा आणि मग बंद व्हायचा. बाबा म्हणाले, "अगं, तू मेकॅनिकलला ना? जरा बघ काय म्हणतेय ती." मी बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, अगदी इंजिनिअरसारखं ऐकलं आणि सांगितलं, "टॅपेट असतील. डिझेलला एवढं चालतं." बाबांना केवढं समाधान! शेजारच्या काकांनाही त्यांनी ते ऐकवलं.

आता पाहा, या एका वाक्यात माझ्या किती चुका होत्या. एक म्हणजे या इंजिनात टॅपेट सेट करायचे नसतातच. ते हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबाने आपली फट आपणच भरून काढतात. दुसरं, आवाज गार इंजिनालाच आणि तेही काही सेकंदच येत होता. म्हणजे ऑइलचा दाब तयार होईपर्यंत काहीतरी सैल राहत होतं. ऑइलच्या दाबावर ताणलेली राहणारी मोठी वस्तू या इंजिनात एकच आहे: टायमिंग चेन. आणि तिसरं, सगळ्यात साधं, मी डिपस्टिक काढून पाहिली नाही.

टायमिंग चेनचं काम क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना एका तालात ठेवणं. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत नसायलाच हवेत, नाहीतर दोघांची टक्कर. बऱ्याच गाड्यांत हे काम रबरी बेल्ट करतो आणि तो ठराविक किलोमीटरला बदलावा लागतो. इथे लोखंडी चेन आहे, आणि ती इंजिनाच्या आयुष्यभर बदलावी लागू नये असा मूळ विचार. विचार चुकीचा नाही, पण त्याला एक अट आहे: ऑइल. चेन सायकलच्या चेनसारखीच लांबते. पोलाद ताणलं जातं म्हणून नव्हे, तर प्रत्येक कडीची पिन झिजते म्हणून. समजा शंभर कड्या आहेत आणि प्रत्येक पिन मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग झिजली, तर चेन एक मिलिमीटरने लांबली. टेन्शनर ऑइलच्या दाबाने पुढे सरकून ती ढील भरून काढतो, पण त्याच्या सरकण्यालाही मर्यादा आहे. आणि ऑइलच कमी असेल तर सकाळी दाब यायला वेळ लागतो. तोपर्यंत चेन सैल, गाइडवर आपटते. तोच तो कर्र-कर्र.

पिन झिजवतं कोण? मुख्यतः काजळी. डिझेलचा धूर थोडा पुन्हा आत घ्यायची सोय असते, तिला ईजीआर म्हणतात. ज्वालेचं तापमान थोडं उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. हवेसाठी ते चांगलं, पण इंजिनाच्या पोटात काजळी वाढते. ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखी थापली जाते, ईजीआर व्हॉल्व्ह अडकवते, आणि रिंगांपाशून गळून ऑइलमध्ये उतरते. जुनं ऑइल काळं का होतं याचं उत्तर हे. काळं होणं गुन्हा नाही, ऑइल काजळी धरून ठेवतंय एवढाच त्याचा अर्थ. पण काजळी धरायची त्याची एक ताकद असते. ती संपली की तेच ऑइल बारीक पॉलिश पेपरसारखं काम करायला लागतं.

या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. त्या तीन लिटरवर किती जण जगतात बघा: क्रँकची बेअरिंग, कॅमशाफ्ट, हायड्रॉलिक टॅपेट, चेनचा टेन्शनर, आणि टर्बो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या फिरतो आणि तो टेकलेला असतो फक्त ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर. एक बाजू लाल होण्याइतकी गरम, दुसरीकडे बाहेरची हवा. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवू नका, अर्धा-एक मिनिट गाडी नुसती चालू राहू द्या असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्याला म्हणूनच अर्थ आहे. किल्ली फिरवली की ऑइलचा पुरवठा बंद, आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जळून कोळसा.

आमच्या गाडीचं शेवटचं ऑइल बदलून एकोणीस हजार किलोमीटर झाले होते. एरवी बाबा दहा हजाराला न चुकता करतात. त्या वेळची सर्व्हिस जूनमध्ये होती. जूनमध्येच माझी फी, हॉस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचे आगाऊ पैसे भरले गेले होते. हे बाबांनी मला सांगितलं नाही. नंतर आईकडून कळलं.

घाटात झालं ते असं. उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकला, गाडीला एक हिसका बसला, आतून 'खट' झालं आणि इंजिन बंद. उतारावर गिअर उतरवताना चाकं इंजिनाला ओढतात, चेनवरचा ताण एकदम बदलतो, आणि लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दातांवरून उडते. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग जड, ब्रेकचा बूस्टरही एक-दोन दाबांपुरताच. डोंगराच्या बाजूला होते म्हणून बाबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. शेजारी आई होती. त्या रस्त्याची दुसरी बाजू कशी आहे हे पाचगणीला गेलेल्यांना सांगायला नको.

मेस्त्रींनी हेड उघडलं तेव्हा मी परीक्षा संपवून घरी पोचले होते, म्हणून समोर उभी राहिले. ऑइल निघालं सव्वा लिटर. पाच रॉकर तुटलेले, चेनच्या एका गाइडचा तुकडा खाली संपमध्ये. पिस्टनवर नखाएवढे ओरखडे. मेस्त्री म्हणाले, "ताई, नशीब समजा. रॉकर तुटले म्हणून व्हॉल्व्ह वाचले." हे मला फार आवडलं. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर झाली की बहुतेक वेळा आधी मधला रॉकर तुटतो. रॉकर स्वस्त, हेड महाग. घरातल्या फ्यूजसारखंच. नवी चेन किट, रॉकर, गॅस्केट, ऑइल, मजुरी धरून अडतीस हजार झाले. तीन लिटर ऑइल आणि फिल्टरला किती लागतात ते तुम्हीच गॅरेजमध्ये विचारा. मला तो भागाकार करवत नाही.

हॉस्टेलवर ही गोष्ट सांगितल्यापासून मुलं विचारतात, मग हे इंजिन भरवशाचं आहे की नाही? माझं मत: आहे, पण ते माफ करणारं नाही. लॅबमधलं किर्लोस्कर कसंही वागवा, चालतं, कारण त्याच्याकडून लिटरमागे जेमतेम आठ किलोवॅट मागतो आपण. इथे लिटरमागे चव्वेचाळीस मागतो. याच इंजिनाच्या टॅक्सी तीन-तीन लाख किलोमीटर चाललेल्या मेस्त्रींनी पाहिल्या आहेत. त्यांचे मालक ऑइलच्या बाबतीत देवपूजेसारखे नेमाचे, एवढंच ते म्हणाले. दुसरा शत्रू म्हणजे पाणी किंवा कचरा असलेलं डिझेल. १६०० बारला इंजेक्टरमधले भाग मायक्रॉनच्या फटीत सरकतात, आणि त्यांना वंगण म्हणून असतं फक्त डिझेलच. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्यात साठलेलं पाणी काढा.

कोणी सेकंड हँड घेणार असेल तर गाडी रात्रभर गार ठेवायला सांगा आणि पहिली किल्ली स्वतः फिरवा. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवत असेल तर का, ते आता तुम्हाला कळेल. २००० आरपीएमच्या खाली हे इंजिन जरा झोपलेलंच असतं, टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. तो दोष समजू नका, तो स्वभाव आहे.

नवं मात्र आता मिळणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि त्या सुमारास मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, टाटांनीही क्वाड्राजेट थांबवलं. बीएस-४ मध्ये डिझेलमधला गंधक ५० पीपीएम होता, तो १० वर आला, आणि धुराच्या वाटेत काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला. एवढा खर्च छोट्या गाडीवर परवडेना. २०१४ साली डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटल्यापासून पेट्रोलशी असलेला फरकही कमी झालाच होता. मोठ्या गाड्यांत डिझेल अजून आहे, आणि तिथे गंमत उलटी आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली की ते जाळणं अर्धवट राहतं आणि काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आमच्या गाडीत ऑइल कमी झालं म्हणून घोटाळा झाला. या गाड्यांत डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर काळजी करायची.

असो. आमची गाडी परत फिरायला लागली आहे. सकाळी आवाज येत नाही. बाबा दर रविवारी डिपस्टिक काढून, जुन्या बनियनच्या फडक्याला पुसून, पुन्हा घालून बघतात आणि मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतात, खाली विचारतात, "इंजिनिअर, चालेल का?" आता मी आधी फोटो मोठा करून दोन खुणांच्या मध्ये बघते आणि मगच उत्तर देते.